कर्ता दौऱ्यावर आहे

अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन पसरलं होतं आणि ओट्यावर नातीनं दहावीचं इंग्रजी पसरलं होतं. दोन्ही वाळायचं बाकी होतं. सहामाही परीक्षा तीन दिवसांवर आली होती. परतीचा पाऊस किती दिवसांवर होता ते हवामान खात्यालाच माहीत, पण तेही 'पडू शकतो' यापलीकडे काही कबूल करायला तयार नव्हतं.

"आबाजी, याचं पॅसिव्ह करून द्या नं," नात म्हणाली.

वाक्य होतं, 'द पीऑन लॉस्ट द फाइल.'

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. एका सरकारी कार्यालयात तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला हे वाक्य पॅसिव्ह करायला सांगायचं म्हणजे सुगरणीला भाकर थापता येते का विचारायचं.

"सदर संचिका अभिलेखात आढळून येत नाही," मी म्हणालो.

"इंग्रजीत, आबाजी."

"द फाइल वॉज लॉस्ट."

"बाय द पीऑन," तिनं पुरवणी जोडली.

"ते लिहू नको."

"काहून?"

"शिपाई गरीब माणूस आहे. आणि फाइल त्यानंच हरवली याला पुरावा काय?"

"वरती लिहिलं आहे नं पुस्तकात! 'बाय' नाही लिहिलं तर मार्क कापतात."

"कापू दे. तुझा अर्धा मार्क जाईल, पण एका माणसाची वेतनवाढ वाचेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि 'बाय द पीऑन' ठळक अक्षरात लिहिलं. दहावीच्या वयात माणसं फार निष्ठुर असतात.

मी हे व्याकरण शिकलो तेव्हा वाशिम अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. तोवर आमच्या पिढीचं जे काही चुकायचं ते चुकून झालं होतं. जवळच्या कारंज्याची गोष्ट आजी आम्हाला सांगायची. नरसिंह सरस्वती तिथं जन्मले आणि मुंज होईपर्यंत ॐशिवाय एक अक्षर बोलले नाहीत. मुंज लागली आणि वेद म्हणू लागले. आमच्या वर्गातल्या चाळीस पोरांनी या कथेचा पूर्वार्ध तंतोतंत पाळला. पाचवी ते दहावी 'येस सर'शिवाय अक्षर नाही. उत्तरार्धाची वाट सरांनी निवृत्त होईपर्यंत पाहिली.

सर व्हॉइस शिकवायचे ते एसटीच्या हिशोबानं. "कर्माला उचला, खिडकीजवळ बसवा. कर्त्याला 'बाय' लावा, मागच्या सीटवर ढकला. मधात टु बीचा कंडक्टर उभा करा, क्रियापदाचं तिसरं रूप चढवा. डबल घंटी. निघाली गाडी."

एकदा मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, "सर, गर्दी झाली तर?"

"तर कर्त्याला उतरवून द्या," सर म्हणाले. "त्याच्यावाचून गाडी अडत नाही."

पुढं सगळं आयुष्य ज्याच्यावर काढायचं ते ज्ञान असं फळ्यासमोर सहज मिळून जातं आणि आपण तेव्हा घंटेकडे कान लावून बसलेले असतो.

सरांच्या टेबलावर रेन आणि मार्टिनचं व्याकरण असायचं. ते पुस्तक 1935 सालचं, आमच्या बहुतेकांच्या बापाहून थोडंच लहान. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवरची 'बो जेस्ट' ही गाजलेली साहसकादंबरी त्यांनीच 1924 साली लिहिली, हे मला साठी उलटल्यावर कळलं. फार वाईट वाटलं. वाळवंट, किल्ला, बंदुका असं सगळं ज्याच्या पोतडीत होतं, त्यानं आमच्यासमोर मात्र रिकाम्या जागा ठेवल्या. घरी वडिलांच्या ट्रंकेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिची पानं पिवळी पडली होती आणि तिला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. माझ्या इंग्रजीला तो वास अजून येतो.

खरी पंचाईत भाषांतर करताना व्हायची. 'उंदीर मांजराकडून मारला गेला.' अख्ख्या वऱ्हाडात आजवर एकही उंदीर मांजराकडून मारला गेलेला नाही. मांजरानं उंदीर मारला, एवढंच काय ते झालं आहे. मराठी व्याकरणाची पुस्तकं या 'कडून'वाल्या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात. ती इंग्रजीच्या संगतीनं आली. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत बसून कर्मणीचे पाच प्रकार घोकतात, त्यात ती शेवटची. मला स्वतःला त्यातला समापन कर्मणी आवडतो. 'माझा चहा पिऊन झाला.' म्हणजे मी नुसता बसलो होतो आणि चहा आपला आपण पिऊन झाला. तो तयारही आपोआपच झाला असावा, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं.

आणि गंमत पाहा, 'मांजरानं उंदीर मारला' हासुद्धा कर्मणीच. उंदराच्या जागी घूस आली की 'मारला'चं 'मारली' होतं. क्रियापद मांजराकडे ढुंकूनही बघत नाही, ते मेलेल्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. मी भाकर खाल्ली, मी लाडू खाल्ला. खाणारा मी, पोट माझं, पण क्रियापद ताटातल्या पदार्थाचं ऐकतं. सकर्मक क्रियापद घेऊन भूतकाळात पाऊल टाकलं की मराठी माणूस सहसा कर्मणीतच उतरतो. जी गोष्ट आम्ही जेवताना, भांडताना, साक्ष देताना दिवसभर करत होतो, तिच्यासाठी सरांनी आमच्या हातावर पाच वर्षं छड्या मारल्या. (कर्मणी. छड्या स्त्रीलिंगी.)

नोकरीला लागलो तेव्हा कळलं की सरांची एसटी इथून रोज सुटते. पहिल्याच आठवड्यात एका अर्जाला उत्तर लिहायचं होतं. मी लिहिलं, 'मी तुमचा अर्ज वाचला. तुमचं म्हणणं बरोबर आहे.' अव्वल कारकुनांनी कागद वाचला, उठून दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "हा 'मी' कोण?"

"मी," मी म्हणालो.

"कागदावर 'मी' नसतो, बावा. कागदावर शासन असते. अन् शासन काही करत नसते. त्याच्याकडून होत असते."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'अर्जाचे अवलोकन करण्यात आले. अर्जातील कथनात तथ्य असल्याचे आढळून येते.' अर्थ तोच, पण आता त्यात कोणाचीच मान अडकली नव्हती. त्या दिवसापासून मी तेहतीस वर्षं कळविण्यात आणलं, सूचित करण्यात आणलं, नोंद घेण्यात यावी म्हणून विनंती करण्यात आणली. खिडकीपाशी माणसं येत, विचारत, "साहेब आहेत का?" आम्ही म्हणायचो, "दौऱ्यावर आहेत." साहेब खरंच दौऱ्यावर असायचे, निदान डायरीत तरी. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्या प्रत्येक वाक्यातला कर्तासुद्धा दौऱ्यावरच असतो. खुर्ची आहे, पंखा फिरतो आहे, शिक्का टेबलावर आहे, क्रियापद कामावर हजर आहे. कर्ता तेवढा बाहेर गेलाय. कधी येईल, सांगता येत नाही.

हे दुखणं फक्त आमचं नाही, हे वाचून पुढं थोडं बरं वाटलं. 1987 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आपल्या संसदेपुढं उभे राहिले आणि इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणात गंभीर चुका झाल्याचं त्यांनी मान्य केलं. चुका झाल्या. पाऊस झाला, लग्न झालं, तशा चुका झाल्या. आमच्या अव्वल कारकुनांनी उठून त्यांना खुर्ची दिली असती. जॉर्ज ऑर्वेलनं 1946 साली एक निबंध लिहून सगळ्या जगाला बजावलं की कर्तरी शक्य असताना कर्मणी वापरू नका. पुढं इंग्रजीच्या अभ्यासकांनी तो निबंध तपासला तर त्यातच कर्मणी भरपूर निघाली. मला त्याबद्दल ऑर्वेलविषयी आदरच वाटतो. त्याला आमच्याकडे नोकरी लागली असती.

आमच्या जिल्ह्याचं तर जन्म-मरणच कर्मणीत झालं आहे. इंग्रजांच्या वऱ्हाडात 'बासीम' नावाचा जिल्हा होता. तो 1905 साली मोडण्यात आला आणि अकोला-यवतमाळात वाटण्यात आला. पुढं 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचं विभाजन करण्यात येऊन वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा वाशिम जिल्हा निर्माण करण्यात आला. मधल्या त्र्याण्णव वर्षांत आम्ही नुसते राहण्यात आलो.

मग 2018 साली नीती आयोगाच्या एका यादीत वाशिमचं नाव झळकलं. इंग्रजीत शब्द होता 'अ‍ॅस्पिरेशनल'. मराठी कागदावर त्याचं झालं 'आकांक्षित'. मी निवृत्त होतो तरी पेपर हातात घेऊन खुर्चीतून उठलो. अ‍ॅस्पिरेशनल म्हणजे ज्याला पुढं जायची उमेद आहे तो. आकांक्षित म्हणजे ज्याची आकांक्षा कोणी तरी केली आहे तो. एका 'इत' प्रत्ययानं आमचा कर्ता काढून घेतला आणि आम्हाला कर्म करून खिडकीजवळ बसवलं. आता आमची आकांक्षा नेमकं कोण करतंय, हा प्रश्न मी दोन-तीन ओळखीच्या अधिकाऱ्यांना विचारला. त्यांनी चहा मागवला.

शब्दांचा हा खेळ संस्कृतातून चालत आलेला आहे. माननीय म्हणजे मान दिला जायला हवा असा. त्यात मान दिला जातोच असं कुठं म्हटलेलं नाही आणि कोणी द्यायचा तेही सांगितलेलं नाही. आदरणीय, वंदनीय, प्रेक्षणीय सगळे त्याच घरातले. आणि ज्या शब्दावर आमच्या शाळेत दर 26 जानेवारीला भाषण व्हायचं तो 'कर्तव्य', त्याचाही अर्थ इतकाच, 'केलं जायला हवं असं काही तरी'. 'शुड बी डन.' मोडलही त्यातच, पॅसिव्हही त्यातच, आणि करणाऱ्याचं नाव-गाव काही नाही. मला आता कळतं की आमच्या शहरात कर्तव्याची एवढी आठवण निघूनही नाल्या का तुंबलेल्या असतात.

मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा आहे. लहानपणी मी तिथं डोळे फाडून त्या फटीकडे पाहत राहिलो होतो. पुढं मोठेपणी टेबलावर 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं लिहिताना प्रत्येक वेळी मला शिरपूर आठवायचं. तिथं निदान देव असतो.

"आबाजी, आता मोडल." नातीनं पान उलटलं. "वाक्यातलं मोडल ओळखा अन् त्याचं काम सांगा. 'इट मे रेन टुडे.'"

मी आभाळाकडे पाहिलं. रिसोडच्या बाजूला ढग काळे झाले होते. "शक्यता," मी म्हणालो.

"अन् 'मे आय कम इन'?"

"परवानगी."

"दोन्हीले 'मे'च?"

"हो. पावसालाही परवानगी लागते."

आतून नातीच्या आजीचा आवाज आला. "अवो, सोयाबीन झाका लागते बरं. पानी येऊन राह्यला."

"हो, झाकायला पाहिजे," मी म्हणालो आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. ते पान अगदी रंगात आलं होतं.

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. इंग्रजीतली ही नऊ जणांची टोळी मला नेहमी गावातल्या जुन्या मानकऱ्यांसारखी वाटते. यांना 'एस' लागत नाही, 'आयएनजी' लागत नाही, 'टु' यांच्यापुढं उभा राहत नाही. बाकीच्या क्रियापदांना कायदे, यांना सूट. पण उतारवयात मी यांची कुळं शोधत बसलो, तेव्हा ही माणसं फार ओळखीची निघाली. 'कॅन' मुळात जाणणे. ज्याला माहीत आहे तो करू शकतो. 'मे' म्हणजे अंगात बळ असणे, आपल्या 'शकणे'सारखं. 'विल' म्हणजे इच्छा. आणि 'शॅल'? 'शॅल'चा जुना अर्थ देणे लागणे. 'ऑट' तर 'ओ' या क्रियापदाचा सरळ भूतकाळ, आणि 'ओ' म्हणजेही देणे लागणे. इंग्रजी माणसाची सगळी कर्तव्यं उधारीतून निघाली आहेत.

मी थबकलो, कारण आम्हीही तेच बोलतो. 'मी दुकानदाराचे पाचशे रुपये देणे लागतो' आणि 'मले जा लागते', 'करा लागते', 'झाका लागते'. दोन्हीकडे एकच लागणे. जायचं असेल तर ते आधी कुठं तरी आपल्या खात्यावर मांडलेलं असतं. वऱ्हाडातल्या माणसाला हा अर्थ कोशातून शिकवायची गरज नाही. मृग लागला की सोसायटीचं लागतं, बियाण्याचं लागतं, खताचं लागतं, आणि पेरणी करा लागते.

फरक एका गोष्टीत आहे. इंग्रज म्हणतो 'आय मस्ट गो'. सगळ्यांच्या पुढं त्याचा तो 'आय', तोही कॅपिटल, छाती काढून उभा. आम्ही म्हणतो 'मला जायला पाहिजे'. मला. मी नाही. माझ्यावर काही तरी येऊन पडलं आहे. मला जावं लागतं, मला पोहता येतं, मला आवडतं, मला भूक लागते. काम, कला, प्रेम, भूक, सगळं बाहेरून चालत येतं आणि आम्ही दारात उभे असतो. ह्यात आळस आहे असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. माझे वडील शेवटच्या वर्षी वावराच्या धुऱ्यावर थांबले. पुढं पऱ्हाटी फुटली होती, पांढरीशुभ्र. ते म्हणाले, "आता मले चालवत नाही." याचं इंग्रजी 'आय कॅनॉट वॉक' असं होतं, आणि त्यात न जमणारा माणूस असतो. 'चालवत नाही' यात वडील होते तसेच उभे राहिले. चालणंच तेवढं यायला तयार नव्हतं. आम्ही धुऱ्यावर बसलो. तिथूनही वावर दिसत होतं.

"आबाजी, 'पाहिजे' म्हणजे शुड का मस्ट?" नातीनं मला परत ओट्यावर आणलं.

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता, कारण 'पाहिजे' हा माझा अलीकडचा छंद आहे आणि त्यावर मी थांबत नाही.

'पाहिजे' हे मोडल आहे हे उघडच आहे. पण ते मुळात पॅसिव्ह आहे. पाहणे या क्रियापदाचं हे जुनं कर्मणी रूप. जुन्या मराठीत करणेचं 'कीजे', म्हणणेचं 'म्हणिजे', तसं पाहणेचं 'पाहिजे'. म्हणजे पाहिलं जातं, शोधलं जातं, आणि जे शोधलं जातं ते हवं असतं. 'म्हणिजे' झिजून 'म्हणजे' झालं, ज्याच्यावाचून मराठी माणूस एकही वाक्य पुरं करत नाही, म्हणजे करूच शकत नाही. बाकीचं घराणं पोथ्यांत गेलं. 'पाहिजे' मात्र रोज वाण्याच्या दुकानात उभं असतं. 'मला एक आंबा पाहिजे, मला चार आंबे पाहिजेत.' तो 'त' मी मागतो म्हणून नाही लागत, आंबे चार आहेत म्हणून लागतो. क्रियापद अजून आंब्याचंच ऐकतं. हा 'इजे' आला प्राकृतातल्या 'इज्ज'वरून. दिलं जातं ते दिज्जइ, म्हटलं जातं ते भणिज्जइ.

"इज्जत का?" नात हसली.

"तो वेगळा. पण हा इज्ज कुठं बोलला जात होता, ठाऊक आहे? इथं."

आणि हे मी बढाई म्हणून सांगत नव्हतो. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा पहिला राजा सर्वसेन, चौथ्या शतकातला. त्यानं महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. ते आज हाती नाही. नंतरच्या काव्यशास्त्राच्या पंडितांनी आपापल्या ग्रंथांत त्याचे उतारे आणि उल्लेख ठेवले, तेवढ्यावरूनच ते होतं हे कळतं. (अभिलेखात आढळून येत नाही. शिपायाला काही म्हणू नका.) त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, त्याचा ताम्रपट 1939 साली वाशिममध्येच सापडला. गाव दान दिल्याचा तो कागद, नव्हे तांबं, काही संस्कृतात आणि काही प्राकृतात कोरलेला आहे. म्हणजे आमच्या गावातलं सर्वात जुनं सापडलेलं सरकारी लिखाणही अर्धं साहेबी भाषेत आणि अर्धं आपल्या भाषेत आहे. सोळा शतकांत सेमी-इंग्लिशपलीकडे आमची फार प्रगती झालेली नाही.

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त तर याहून भारी गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडून निघाला. त्याला वळवायला साहित्यविद्येला मागं धाडलं. ती त्याच्या मागं देशोदेशी फिरली, ठिकठिकाणचे वेश, नाच, बोलण्याच्या तऱ्हा धारण करत गेली, आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्या दोघांचं लग्न लागलं. काव्य आणि साहित्याचं लग्न वाशिमात. वऱ्हाडी कोण होते हे राजशेखरानं लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नव्हती.

"मग व्याकरण कुठं होतं?" नातीनं विचारलं.

"पंगतीत वाढत असेल. कामाची माणसं फोटोत येत नाहीत."

हे वाक्य बोलत असतानाच मोठा गडगडाट झाला. पहिले थेंब ओट्याच्या कडेवर रुपयाएवढे पडले. मग एकदम सर कोसळली, आणि मला सोयाबीन आठवलं. बाजार समितीत ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, आणि हे तर आता डबक्यात पोहणार होतं. मी चपला न घालता अंगणात धावलो. नात वही डोक्यावर धरून मागं.

सोयाबीन झाकलेलं होतं. एका ताडपत्रीवर दुसरी ओढलेली, चारी कोपऱ्यांवर विटा, वाऱ्याच्या बाजूला दोन जास्तीच्या, मधात उतार देऊन पाणी नालीकडे काढलेलं. एवढं काम काही थेंब पडल्यावर झालेलं नव्हतं. आम्ही वत्सगुल्मात होतो तेव्हाच कधी तरी झालं असणार, ओट्यापासून दहा पावलांवर.

नातीची आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदर पिळत होती.

"कधी झाकलं?" मी विचारलं.

"झाकलं," ती म्हणाली. आणि आत वळता वळता, "चहा ठेवला आहे."

आम्ही ओट्यावर परत आलो. नातीनं ओली वही उघडली, पेनाचं टोक दोनदा झटकलं आणि पानाच्या तळाशी लिहिलं, 'द सोयाबीन वॉज कव्हर्ड.' पुढं पूर्णविराम दिला आणि वर पाहिलं.

"तो टिंब खोड," मी म्हणालो. "बाय लिही."

"बाय ग्रँडमदर?"

"नाव लिही. पूर्ण. आडनावासकट."

तिनं आजीचं नाव इंग्रजीत लिहायला घेतलं आणि पहिल्याच अक्षरावर अडली. तिनं ते आजवर कधी लिहिलंच नव्हतं. मलाही स्पेलिंग सांगता येईना. रेशनकार्ड पाहावं लागलं.

"माह्यं नाव कायले लिहून राह्यले पेपरात?" आतून आवाज आला. "चहा थंड होऊन राह्यला."